बोंड कोणी गाळले?

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या शाळेत ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात विद्यार्थ्यांना एक काम सांगून पाहावे. घरच्या पऱ्हाटीच्या एका तासात सलग दहा झाडे निवडायची आणि त्यांच्याखाली सकाळी किती पात्या, फुले व कोवळी बोंडे पडली आहेत ती मोजून आणायची. दुसऱ्या दिवशी वर्गात आकडे येतात आणि आकड्यांच्या मागोमाग कारणेही येतात. कोणी म्हणतो, अळीने पोखरले. कोणी म्हणतो, डवऱ्याचा धक्का लागला. एकाच्या मते पाऊस लागून राहिला म्हणून गळ झाली, तर दुसऱ्याच्या मते पावसाने उघडीप दिली म्हणून झाली. खत कमी पडले म्हणणारे असतात, तसेच खत जास्त झाले म्हणणारेही असतात.

ही सर्व उत्तरे थोडीथोडी खरी आहेत. पण गळलेले एखादे कोवळे बोंड हातात घेऊन त्याच्या देठाचे टोक भिंगातून पाहिले तर एक निराळीच गोष्ट लक्षात येते. काडी मोडली की तंतू निघतात, कडा वेडीवाकडी होते. इथे तसे काही नसते. देठाचे टोक गुळगुळीत असते, जणू कोणी नेमक्या जागी सांधा सोडवला आहे. म्हणजे बोंड तुटलेले नाही, ते सोडून दिलेले आहे. अळीने पोखरलेली पातीसुद्धा अळी खाली पाडत नाही. ती पाती झाड सोडते.

झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. मग कोणते बोंड ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे ठरते कसे? हा प्रश्न केवळ आपल्या शेतांचा नाही. वनस्पतींच्या संप्रेरकांचा इतिहास या प्रश्नाभोवती बराच फिरला आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे संप्रेरक तर कपाशीच्या बोंडांतूनच हाती लागले. ती हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

गवताच्या कोंबापासून सुरुवात

खिडकीतल्या कुंडीतील रोप उजेडाकडे झुकते हे सर्वांनीच पाहिलेले असते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी एका गवताच्या कोवळ्या कोंबांवर याविषयी प्रयोग केले व १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवरील आपल्या ग्रंथात ते प्रसिद्ध केले. कोंब वाकतो तो टोकाच्या बऱ्याच खाली. पण टोकावर अपारदर्शक टोपी घातली तर तो वाकतच नाही. उलट टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला तरी कोंब वाकतो. यावरून पितापुत्रांनी निष्कर्ष काढला की प्रकाशाची दखल टोक घेते आणि तेथून काही तरी प्रभाव खाली जातो.

हा प्रभाव म्हणजे काय, हे कळायला पुढे जवळजवळ अर्धशतक लागले. डेन्मार्कचे बॉयसेन-येन्सेन यांनी १९१३ च्या सुमारास कोंबाचे टोक कापले, मध्ये जिलेटिनचा पातळ तुकडा ठेवला आणि टोक परत वर बसवले. कोंब पूर्वीसारखाच वाकला. जिलेटिनऐवजी अभ्रकाचा तुकडा वापरून सावलीकडची वाट अडवली तेव्हा मात्र वाकणे थांबले. जिलेटिनमधून पाझरणारी आणि अभ्रकाने अडणारी गोष्ट म्हणजे कोणता तरी पदार्थच असला पाहिजे. हंगेरीच्या पाल यांनी १९१९ साली पुढचे पाऊल टाकले. त्यांनी अंधारातच कापलेले टोक कोंबावर एका बाजूला सरकवून ठेवले. ज्या बाजूवर टोक होते ती बाजू जास्त वाढली आणि उजेड नसतानाही कोंब वाकला.

शेवटी हा पदार्थ टोकाबाहेर काढून दाखवला तो हॉलंडमधील फ्रिट्स वेन्ट या तरुणाने, १९२६ ते १९२८ या काळात. त्याने ओटच्या कोंबांची टोके कापून अगारच्या पातळ थरावर काही वेळ ठेवली. मग टोके फेकून दिली, अगारचे बारीक चौकोन कापले आणि टोक कापलेल्या कोंबावर एका बाजूला एक चौकोन ठेवला. कोंब वाकला! टोक नव्हते, उजेड नव्हता, होता तो फक्त टोकातून अगारमध्ये उतरलेला पदार्थ. शिवाय, ठरावीक मर्यादेत, पदार्थ जितका जास्त तितका कोंब अधिक वाकतो हेही वेन्टने मोजून दाखवले. पदार्थ डोळ्यांना दिसत नसला तरी कोंबाच्या वाकण्यावरून त्याचे प्रमाण कळू लागले. या पदार्थाला ‘ऑक्झिन’ असे नाव मिळाले. वाढणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे.

वनस्पतीत ऑक्झिन इतके अल्प असते की ते शुद्ध स्वरूपात मिळवणे अवघड होते. गंमत अशी की १९३४ साली क्योगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल वेगळे केले ते मानवी मूत्रातून. हेच वनस्पतींमधील मुख्य ऑक्झिन आहे, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले.

देठाचा सांधा

आता आपल्या बोंडाकडे वळू. पानाचे, फुलाचे किंवा फळाचे देठ खोडाला जिथे मिळते तिथे लहान पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला आपण विलगन-थर म्हणू. एरवी हा थर शांत असतो. वेळ आली की त्यातील पेशी विकरे तयार करतात, ती विकरे शेजारच्या पेशींना जोडणारा ‘चुना’ विरघळवतात, आणि वाऱ्याच्या हलक्या झुळुकीनेही देठ सुटते. गुळगुळीत टोकाचे रहस्य ते हेच.

वेळ आली हे या थराला सांगते कोण? पानाचे पाते कापून टाकले आणि नुसते देठ झाडावर ठेवले तर ते देठ काही दिवसांत गळून पडते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीच माहीत होती. अमेरिकेतील ला र्‍यू यांनी १९३६ साली अशा उघड्या देठांच्या टोकाला ऑक्झिन लावून पाहिले. ती देठे गळायची लांबली. याचा अर्थ असा की निरोगी पाते सतत ऑक्झिन तयार करून देठातून खाली पाठवत असते. हा ओघ चालू आहे तोपर्यंत सांधा बंद राहतो. पाते म्हातारे झाले, सावलीत पडले वा किडीने खाल्ले की ओघ आटतो आणि सांधा सुटण्याच्या तयारीला लागतो. फुलाचे आणि कोवळ्या फळाचेही असेच आहे. परागण होऊन बी धरले की फळात ऑक्झिनची निर्मिती वाढते. बी नीट धरले नाही तर त्या फळाचा निरोप थांबतो.

ऑक्झिनचा हा गुण बागाईतदारांच्या लगेच लक्षात आला. १९३९ साली अमेरिकेत नॅप्थॅलिन अ‍ॅसेटिक आम्ल हे कृत्रिम ऑक्झिन फवारून काढणीपूर्वीची सफरचंदांची गळ रोखता येते असे दाखवण्यात आले. आज आपल्याकडे पातेगळ थांबवण्यासाठी कृषी सेवा केंद्रातून जे द्रव्य नेले जाते ते हेच.

सव्वादोनशे किलो बोंडे

ऑक्झिन जर धरून ठेवते, तर सोडायला लावणारा एखादा पदार्थही असेल काय? हा प्रश्न अमेरिकेतील कपाशीच्या मुलखात विशेष जोराने विचारला गेला, आणि त्यामागे व्यवहार होता. तेथे कापूस यंत्राने वेचू लागले होते. यंत्राला पाने नको असतात, म्हणून पाने आधी गाळायची होती; बोंडे मात्र टिकवायची होती. विलगनाच्या अभ्यासाला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

पदार्थ शोधायचा तर त्याची परीक्षा हवी. जशी वेन्टची ओटच्या कोंबाची, तशी इथे कपाशीच्या रोपट्याची. लहान रोपाची पाती कापायची, उरलेल्या देठांच्या खुंटांवर अर्काचा थेंब ठेवायचा आणि खुंट किती लवकर गळतात ते पाहायचे. या परीक्षेच्या आधाराने लिऊ आणि कार्न्स यांनी १९६१ साली पक्व बोंडांच्या टरफलांतून गळ घडवणारा एक पदार्थ मिळवला. पाठोपाठ १९६३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट यांच्या गटाने, त्यात ओकुमा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ होते, कोवळ्या बोंडांतून दुसरा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. सव्वादोनशे किलो बोंडांतून हाती आले ते अवघे ९ मिलिग्रॅम. गळ म्हणजे ‘अ‍ॅब्सिशन’, म्हणून त्याचे नाव ‘अ‍ॅब्सिसिन दोन’ ठेवण्यात आले.

त्याच सुमारास वेल्समध्ये वेअरिंग आणि त्यांचे सहकारी अगदी वेगळा प्रश्न हाताळत होते. थंड प्रदेशातील झाडांच्या कळ्या हिवाळ्यापूर्वी झोपी जातात, त्या कशाने? सिकॅमोर नावाच्या झाडाच्या पानांतून त्यांनी झोप आणणारा पदार्थ मिळवला व त्याला ‘डॉर्मिन’ म्हटले. १९६५ साली जॉन कॉर्नफोर्थ आणि सहकाऱ्यांनी डॉर्मिन व अ‍ॅब्सिसिन दोन हे एकच रसायन आहे असे सिद्ध केले. कॉर्नफोर्थ यांची श्रवणशक्ती तरुणपणीच पूर्ण गेली होती. पुढे १९७५ साली रसायनशास्त्रातील वेगळ्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाच पदार्थाला दोन नावे झाली. १९६७ साली ओटावा येथील परिषदेत शास्त्रज्ञांनी ‘अ‍ॅब्सिसिक आम्ल’ हे एकच नाव मान्य केले. बोंडगळीचा गुन्हेगार सापडला आणि त्याचे बारसेही झाले, असे तेव्हा अनेकांना वाटले.

बारसे चुकले

पण तपास संपला नव्हता. निरनिराळ्या झाडांवर अ‍ॅब्सिसिक आम्ल लावून पाहिले असता गळ दर वेळी होईच असे नाही. दुसरीकडे एका जुन्याच संशयितावरचे पुरावे वाढत होते. तो म्हणजे इथिलीन वायू.

इथिलीनची कथा सेंट पीटर्सबर्ग येथे सुरू होते. नेल्युबोव्ह या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे सरळ न वाढता आखूड, जाड आणि आडवी होतात. बाहेरच्या हवेत मात्र ती सरळ वाढतात. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूतील इथिलीन याला कारण आहे, असे त्याने १९०१ साली दाखवले. १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन यांनी सिद्ध केले की पिकणारे सफरचंद स्वतःच इथिलीन तयार करते. आपल्याकडे आंब्याची अढी घालतात, तेव्हा एका आंब्याचा इथिलीन कोंडून दुसऱ्या आंब्यापर्यंत पोहोचवला जातो. शास्त्राला नाव ठाऊक नव्हते तेव्हापासून आपल्या आज्या हे तंत्र वापरत आल्या आहेत.

१९७० च्या दशकात टेक्सासमधील संशोधकांनी कपाशीची कोवळी बोंडे तपासली. गळण्याआधी बोंडातून इथिलीन वाढत्या प्रमाणात बाहेर पडतो, आणि विलगन-थरातील विकरांना कामाला लावतो तो हाच वायू, असे दिसून आले. ऑक्झिनचा ओघ चालू असताना हा थर इथिलीनला दाद देत नाही. ओघ आटला की तोच थर इथिलीनचा हुकूम ऐकू लागतो. म्हणजे गळ ठरते ती एका पदार्थाच्या असण्याने नव्हे, तर दोघांच्या तोलाने.

मग अ‍ॅब्सिसिक आम्लाचे काम कोणते? १९६९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये राइट यांनी गव्हाची कापलेली पाने थोडा वेळ सुकू दिली. काही तासांतच त्यांतील अ‍ॅब्सिसिक आम्ल कित्येक पटींनी वाढले. त्याच काळात इतरांना दिसले की हे आम्ल पानाला दिले तर पर्णरंध्रे मिटतात. रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर जाते, पाठोपाठ पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि रंध्र बंद होते. बोंडगळीच्या नावाने ओळखला गेलेला हा पदार्थ खरे तर झाडाच्या तहानेचा निरोप्या निघाला. बीज अकाली न उगवू देणे हे त्याचे दुसरे मोठे काम. नाव मात्र तेच राहिले.

दोन उलटी उत्तरे, दोन्ही बरोबर

आता वर्गातील त्या दोन परस्परविरोधी उत्तरांकडे पुन्हा पाहू. यवतमाळची बहुतेक कपाशी कोरडवाहू. ऐन पात्या-बोंडांच्या दिवसांत पावसाने उघडीप दिली की जमीन सुकू लागते, झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते आणि रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण त्याच दारातून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. अन्न कमी तयार होते. झाडावर तर लहानमोठी बोंडे एकाच वेळी जेवायला बसलेली असतात. सर्वांत कोवळी बोंडे उपाशी राहतात, त्यांचा ऑक्झिनचा ओघ मंदावतो, इथिलीन वाढतो आणि सांधा सुटतो. साधारण दोन आठवड्यांचे झालेले बोंड सहसा गळत नाही, कारण तोवर ते आपला वाटा ओढून घेण्याइतके मोठे झालेले असते.

उलट झडीचा पाऊस लागला, आभाळ भरून राहिले आणि भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की काय होते? ऊन नसल्याने अन्न कमी बनते. शिवाय मुळांना प्राणवायू मिळत नाही. अशा गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचा कच्चा माल साठतो, तो खोडातून वर जातो आणि वर हवा मिळताच त्याचे इथिलीन होते. वाट वेगळी, पण शेवट तोच. ‘पाऊस आला नाही म्हणून’ आणि ‘पाऊस लागून राहिला म्हणून’ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. दोन्ही संकटे एकाच सांध्यापाशी येऊन मिळतात.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावी. आपण कपाशी दरवर्षी उपटतो, पण मूळची ती बहुवर्षायू झुडपांच्या कुळातील आहे. असे झुडूप वाईट वर्षात काही फळे टाकून स्वतः जगते आणि पुढच्या वर्षी पुन्हा फळते. चांगल्या हंगामातही कपाशी लागलेल्या पात्या-बोंडांपैकी बराच मोठा भाग गाळते. झाडाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा हिशेब असतो. ज्याचे वर्ष त्या बोंडांवर अवलंबून आहे त्या शेतकऱ्याला मात्र तो परवडत नाही.

टॉनिकची बाटली

येथेच हा इतिहास पुस्तकातून बाहेर येतो. वाढ-नियंत्रकांना गावात सरसकट ‘टॉनिक’ म्हणतात. टॉनिक म्हणजे शक्ती देणारे, आणि शक्तीचे औषध जितके जास्त तितके चांगले, अशी समजूत त्या शब्दाबरोबरच येते. पण संप्रेरक हे अन्न नव्हे, तो निरोप आहे. नॅप्थॅलिन अ‍ॅसेटिक आम्ल द्यायचे ते पाण्याच्या दहा लाख भागांत दहा-वीस भाग इतकेच असते. ते सांध्याला थोडे दिवस थांब म्हणू शकते. बोंडाचे पोट भरू शकत नाही. जास्त प्रमाणात दिले तर झाड त्या ऑक्झिनमुळेच इथिलीन तयार करते आणि गळ वाढू शकते. सफरचंदाच्या बागांत फळे विरळ करण्यासाठी हेच रसायन फवारतात, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. १९४० च्या दशकात आलेले २,४-डी हे तणनाशकही कृत्रिम ऑक्झिनच आहे. त्याचा फवारा मारलेला पंप नीट न धुता कपाशीत वापरला तर पाने अरुंद, पंजासारखी होतात.

या समजुतीची किंमत केवळ पिकाला द्यावी लागत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात जावे लागले. त्याचे मुख्य कारण अतिविषारी कीटकनाशके आणि संरक्षक साधनांचा अभाव हेच होते. पण त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती, अंगावर व तोंडावर फवारा उडत होता, असे तेव्हाच्या अनेक वृत्तांतांत नोंदलेले आहे. कीटकनाशके, टॉनिके, विद्राव्य खते अशी तीन-चार द्रव्ये एकाच पंपात कालवण्याची रीतही आपल्या परिचयाची आहे. बाटलीत काय आहे, ते झाडाला काय सांगते आणि आज ते सांगण्याची गरज आहे का, हे तीन प्रश्न ज्या घरात विचारले जातील तिथे एखादी फवारणी तरी कमी होईल. हे प्रश्न घरात नेणारा बहुधा आपल्या वर्गातला विद्यार्थीच असतो.

तोल सांभाळण्याचे साधे उपायही याच शास्त्रात बसतात. पाणी तुंबू न देणे हा एक. शेंडा खुडणे हा दुसरा. शेंड्यातून खाली येणारे ऑक्झिन बगलेतील कळ्यांना दडपून ठेवते आणि झाड उंच जाते. शेंडा खुडला की ही दडपणूक सैल होते आणि अन्न वाढत्या शेंड्याकडे न जाता खालच्या फांद्यांकडे व बोंडांकडे वळते. बाटली न उघडता केलेला हा संप्रेरकांचाच उपचार आहे.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग. कपाशीच्या एका झाडावर सारख्या वयाची सहा पाने निवडा. तिघांची पाती ब्लेडने कापून नुसती देठे ठेवा, तिघे तशीच राहू द्या. प्रत्येक देठाला रंगीत दोरा बांधा आणि कोणते देठ कोणत्या दिवशी गळले ते लिहून ठेवा.

दुसरा प्रयोग. कपाशीच्या पानांसह दोन सारख्या फांद्या पाण्याच्या बाटल्यांत ठेवा. दोन्हींवर मोठी पारदर्शक पिशवी घालून तोंड बांधा. एका पिशवीत दोन पिकलेली केळी ठेवा. पाने आधी कुठे गळतात आणि किती दिवसांच्या फरकाने, ते पाहा.

तिसरे काम हंगामभराचे आहे. सुरुवातीला सांगितलेली दहा झाडांखालची मोजणी आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. शेजारच्या रकान्यात त्या दिवसांचा पाऊस, ऊन-आभाळ आणि घरी झालेली फवारणी लिहा. गळलेल्या बोंडांपैकी किती पोखरलेली आणि किती धड, हेही वेगळे मोजा. उलंगवाडी होईपर्यंत ही वही भरली की शाळेजवळ आपल्या गावच्या जमिनीची आणि आपल्या गावच्या पावसाची नोंद तयार होईल. दुसऱ्या वर्षी नवा वर्ग आला की हीच वही त्याच्या हाती द्यावी आणि मोजणी पुढे चालू ठेवावी.